पात्र मोजले, थंडी कोण मोजणार?

सरकारी कार्यालयातील वस्तू दोन प्रकारच्या असतात. वापरून संपणाऱ्या आणि वापरूनही न संपणाऱ्या. कागद, शाई, औषधे ही पहिल्या प्रकारात येतात व त्यांचा हिशोब साठा नोंदवहीत राहतो. खुर्च्या, टेबले, लोखंडी कपाटे ही दुसऱ्या प्रकारात येतात. त्यांची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत होते, जिला बोलीभाषेत सर्वजण डेड स्टॉक रजिस्टर म्हणतात. कृत्रिम रेतन केंद्रातील द्रवनत्र पात्र याच दुसऱ्या वहीत, बहुधा कपाटाच्या खालच्या ओळीत, नोंदलेले सापडते. त्यात ठेवलेल्या गोठित रेतमात्रा पहिल्या वहीत असतात. पात्र जागेवर आहे, रेतमात्रांची संख्या जुळते, तपासणी अधिकारी सही करतो आणि तपासणी संपते.

ज्या एका गोष्टीमुळे त्या पात्राला आणि त्या रेतमात्रांना काही अर्थ आहे, ती गोष्ट म्हणजे उणे १९६ अंश सेल्सिअस तापमान. ते या दोन्ही वह्यांत नसते. माझा आक्षेप या नसलेल्या रकान्यावर आहे. तो विसरल्यामुळे राहून गेला असे कोणी म्हणेल, तर ते मला मान्य नाही. आपली तपासणीची पद्धत वस्तू आहे की नाही एवढेच पाहण्यासाठी घडलेली आहे. वस्तू काम करते की नाही, हा प्रश्न त्या पद्धतीच्या बाहेरचा आहे.

शहरात किंवा परदेशात राहणाऱ्या वाचकांसाठी विषय थोडा उलगडून सांगतो. गाई-म्हशींचे कृत्रिम रेतन भारतात नवे नाही. म्हैसूरच्या पॅलेस डेअरी फार्मवर १९३९ मध्ये त्याची सुरुवात झाली. १९४९ मध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी ग्लिसरॉलच्या साहाय्याने शुक्राणू गोठवूनही जिवंत ठेवता येतात हे दाखवले आणि पुढे द्रवरूप नायट्रोजनच्या पात्रात हे वीर्य वर्षानुवर्षे टिकवणे शक्य झाले. केरळात मट्टुपेट्टी येथे १९६३ साली इंडो-स्विस प्रकल्प आला. महाराष्ट्रात उरुळीकांचन येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये बाएफची स्थापना केली. आज रेतमात्रा ही पाव मिलिलिटरची, काडेपेटीतील काडीपेक्षाही बारीक अशी एक नळी असते. तिला आपल्याकडे रेतकांडी म्हणतात. एका कांडीत किमान दोन कोटी शुक्राणू असावेत आणि कांडी वितळवल्यावर त्यांपैकी निदान निम्मे हालचाल करीत असावेत, असा आपल्याकडील मानक कार्यपद्धतीचा दंडक आहे.

पण हा दंडक कांडी वीर्य केंद्रातून निघते तेव्हाचा आहे. त्यानंतर ती जिल्ह्याच्या साठ्यात, तेथून तालुक्याला, तेथून दवाखान्यात आणि शेवटी मोटारसायकलला बांधलेल्या तीन लिटरच्या छोट्या पात्रातून गोठ्यात जाते. या प्रवासात तिचे रक्षण करणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे पात्रातील द्रव आणि त्या द्रवाला धरून ठेवणारी निर्वात पोकळी.

द्रवनत्र पात्र हा मोठ्या आकाराचा थर्मासच होय. ॲल्युमिनियमची एक भांडी दुसरीत बसवलेली असते, दोहोंच्या मध्ये उष्णतारोधक पदराचे अनेक थर असतात आणि तेथील हवा काढून घेतलेली असते. आतले भांडे केवळ मानेच्या नळीने बाहेरच्या भांड्याला टांगलेले असते. ३५ लिटरचे चांगले पात्र दिवसाला साधारण पाव लिटर नायट्रोजन गमावते. म्हणजे न उघडता ठेवले तर कागदोपत्री १४० दिवस आणि रोजच्या उघडझापीत त्याहून कमी. तीन लिटरचे पात्र नवे असताना तीन आठवड्यांच्या आसपास तग धरते. पण निर्वात गेला की हा सगळा हिशोब कोसळतो. जे पात्र चार महिने पुरायचे ते काही दिवसांत रिकामे होते. आणि निर्वात जाण्यासाठी फार मोठा अपघात लागत नाही. जीपच्या मागच्या भागात पात्र आडवे पडणे, खडबडीत रस्त्यावरचे धक्के, मानेला बसलेला एखादा हिसका एवढे पुरते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. उणे १३० अंशांच्या वर तापमान गेले की पेशींमधील बर्फाचे स्फटिक वाढू लागतात व पेशी फाटू लागतात. कांडी इतकी बारीक असते की पात्राच्या तोंडापाशी काही सेकंद धरली तरी तिचे तापमान झपाट्याने चढते. म्हणूनच कॅनिस्टर मानेच्या वर काढू नये व आठ-दहा सेकंदांत परत बुडवावे असे शिकवले जाते. पात्र कोरडे पडले, कांड्या गरम झाल्या आणि दोन दिवसांनी कोणी त्यात पुन्हा नायट्रोजन भरला, तर कांड्या पुन्हा गोठतात. त्यांचा रंग बदलत नाही, वास येत नाही, वरचा छापील मजकूर तसाच राहतो. मेलेली कांडी आणि जिवंत कांडी शेजारी शेजारी ठेवल्या तर डोळ्यांना फरक कळत नाही. साठा नोंदवहीला तर तो कळण्याचा प्रश्नच नाही. वही म्हणते ३००, पात्रात ३००, हिशोब बरोबर.

मग फरक कोणाला कळतो? तो कळतो २१ दिवसांनी, पशुपालकाला, जेव्हा गाय पुन्हा माजावर येते. आपल्याकडे याला गाय उलटली म्हणतात. सेवा मोफत असली तरी ते २१ दिवस मोफत नसतात. समजा, एका गाईचा दिवसाचा चारा-पाणी दीडशे रुपयांचा धरला, तर एका उलटण्यात तीन हजार दीडशे रुपये गेले. ज्याच्या दारात दोनच गाई आहेत त्याला ही रक्कम किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा गाय उलटली की तो तिला भाकड ठरवतो. कधी ती बाजारात जाते. दोष गाईच्या माथी बसतो आणि पात्र त्याच खोलीत उभे असते.

शासकीय कागदपत्रांत कृत्रिम रेतनातून गर्भधारणेचे प्रमाण शंभरात साधारण ३५ धरले जाते. उरलेल्या ६५ची कारणे विचारली की यादी तयार असते. चारा निकृष्ट, खनिजांची कमतरता, माज ओळखण्यात चूक, उन्हाळा, रेतन करणाऱ्याचे कौशल्य. यातले एकही कारण खोटे नाही. पण या यादीत द्रवनत्र पात्राचा वाटा किती, असे विचारले तर उत्तर नाही, कारण उत्तर देण्यासाठी लागणारी नोंदच ठेवलेली नाही. ज्या कारणाची नोंद होत नाही, ते कारण अहवालातही नसते, आणि जे अहवालात नसते त्यासाठी तरतूदही नसते. प्रशासनात अज्ञान असे स्वतःच स्वतःला पुरत राहते.

महाराष्ट्राबाहेरच्या एका राज्यात असताना मी एका जिल्हा कार्यालयाच्या काही वर्षांच्या तपासणी टिपण्या ओळीने वाचल्या. कार्यालयाचे व जिल्ह्याचे नाव येथे महत्त्वाचे नाही, कारण असे कार्यालय कोठेही सापडेल. टिपण्यांत हजेरीपट होता, रोकडवही होती, फलकावर उद्दिष्ट व साध्य अद्ययावत आहे की नाही हे होते, परिसर स्वच्छतेवर एक परिच्छेद होता. द्रवाची पातळी किती इंच होती, हे एकाही टिपणीत नव्हते. नंतर त्या जिल्ह्यातील एका केंद्रावर गेलो, तेव्हा भिंतीवर खडूने लिहिलेले आकडे दिसले. तेथील जुना कर्मचारी दर सोमवारी धान्य तोलण्याच्या काट्यावर पात्र टांगून वजन करीत असे आणि ते भिंतीवर लिहीत असे. वहीत का लिहीत नाही, असे विचारले तर म्हणाला, "साहब, रजिस्टर में इसका खाना ही नहीं है." त्याच्या आधीच्या तपासणीत त्याला एकच सूचना मिळाली होती. भिंत खराब झाली आहे, चुना मारून घ्यावा.

या माणसाची पद्धत समजून घेण्यासारखी आहे, कारण ती शास्त्राला धरून होती. एक लिटर द्रवनत्राचे वजन सुमारे ८०० ग्रॅम. दिवसाला पाव लिटर घट म्हणजे २०० ग्रॅम, आठवड्याला एक किलो चारशे ग्रॅम. ज्या पात्राचे वजन न उघडता आठवड्यात तीन किलोने घटते, त्याचा निर्वात जात चालला आहे. मानेभोवती किंवा खांद्यावर बर्फाची पांढरी साय अथवा घाम दिसला तर तो जवळजवळ गेलाच आहे. पातळी पाहायची तर एक भरीव लाकडी पट्टी तळापर्यंत बुडवावी, काही सेकंद धरावी, बाहेर काढून हवेत हलवावी. जेथपर्यंत हिम चढते तेथपर्यंत द्रव आहे. पोकळ नळी वापरू नये, कारण द्रव तिच्यातून उसळून हातावर येतो. एवढ्या तपासणीला एक काटा, एक पट्टी आणि पाच मिनिटे लागतात. सल्लागार संस्था नेमावी लागत नाही.

येथे पहिला प्रतिवाद येतो: खेड्यापाड्यांतून थंडीची साखळी सांभाळणे आपल्याकडे शक्यच नाही, वीज नाही, रस्ते नाहीत, माणसे नाहीत. हा प्रतिवाद मला सर्वांत विलक्षण वाटतो, कारण त्याचे उत्तर त्याच तालुक्याच्या गावात, त्याच रस्त्यावर, प्राथमिक आरोग्य केंद्रात उभे आहे. तेथील आइस लाइन्ड रेफ्रिजरेटरचे तापमान दिवसातून दोनदा नोंदले जाते. त्यासाठी नेमलेला माणूस असतो, त्याला कोल्ड चेन हँडलर म्हणतात. लस दोन ते आठ अंशांच्या मध्ये राहिली पाहिजे हे शिपायालाही माहीत असते. पोलिओच्या कुपीवर एक छोटा चौकोन असतो. उष्णता लागली की तो काळवंडतो आणि ठरावीक रंग आला की कुपी फेकून द्यायची असते. त्यासाठी वरिष्ठांची परवानगी लागत नाही, फेकणाऱ्याला कोणी दोषी धरत नाही. अशा शिस्तीवर या देशाने २७ मार्च २०१४ रोजी पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळवले. २०१५ पासून ई-विन या प्रणालीने साठा आणि तापमान दोन्ही एका पडद्यावर येऊ लागले.

म्हणजे हेच सरकार, हाच तालुका, हीच वीज आणि हेच रस्ते. एका खात्याला थंडी सांभाळता येते आणि दुसऱ्याला येत नाही, असे नाही. एका खात्याने थंडी ही मोजण्याची गोष्ट मानली. दुसऱ्याने पात्र ही मोजण्याची गोष्ट मानली. शिवाय द्रवनत्र पात्राला वीज लागतच नाही.

दुसरा प्रतिवाद खालच्या कर्मचाऱ्याच्या बेफिकिरीचा. बेफिकीर माणसे सर्वत्र असतात आणि येथेही आहेत. पण जरा त्याच्या जागी उभे राहून पाहा. पात्र कोरडे पडले असे त्याने लेखी कळवले तर काय होते? ३०० रेतमात्रा वाया गेल्याची चौकशी लागते. त्यांची किंमत कोणाकडून वसूल करावी, असा प्रश्न फाईलवर येतो. लेखापरीक्षणाचा आक्षेप येतो. त्याची बदली झाली, तो निवृत्त झाला, तरी आक्षेप त्याचा पाठलाग करतो. याउलट, त्याने काहीच कळवले नाही, पुढच्या फेरीत आलेला नायट्रोजन भरून घेतला आणि त्याच कांड्या वापरत राहिला, तर? तर काहीच होत नाही. उद्दिष्ट पूर्ण होते. गाई उलटतात, पण गाईंना आक्षेप नोंदवता येत नाहीत. आपण अशी व्यवस्था उभी केली आहे की तीत प्रामाणिक माणसाला दंड आणि गप्प बसणाऱ्याला शाबासकी मिळते. मग वर्षाच्या शेवटी कर्तव्यनिष्ठेवर परिपत्रक काढतो.

निर्लेखनाचीही हीच गत. ज्या पात्राचा निर्वात गेला ते निकामी ठरवण्यासाठी प्रस्ताव, समिती, प्रमाणपत्र आणि मंजुरी लागते. ती येईपर्यंत पात्र नोंदवहीत जिवंत असते, म्हणून ते वापरातही राहते. बाहेरून ते धडधाकट दिसते, चकाकते सुद्धा. चाक निखळलेली जीप कोणी चालवीत नाही, कारण ती चालतच नाही. निर्वात गेलेले पात्र मात्र उभे राहते, त्याला बूच बसते, त्यात द्रव ओतता येतो. तेथील नायट्रोजन दुप्पट-तिप्पट वेगाने उडतो, त्याचे बिल दर महिन्याला निघते, आणि त्या उडालेल्या नायट्रोजनच्या किमतीत पात्र केव्हाच दुरुस्त झाले असते हे कोणी मांडून पाहत नाही.

तिसरा प्रतिवाद पैशाचा. तोही तपासून पाहू. डिसेंबर २०१४ मध्ये राष्ट्रीय गोकुळ मिशन सुरू झाले. सप्टेंबर २०१९ पासून, जेथे कृत्रिम रेतनाची व्याप्ती ५० टक्क्यांहून कमी होती अशा जिल्ह्यांत, पशुपालकाच्या दारी मोफत रेतनाचा राष्ट्रव्यापी कार्यक्रम आला. त्याआधी २००० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय गाय-म्हैस पैदास प्रकल्पाच्या उद्दिष्टांतच द्रवनत्राची साठवण व पुरवठा सुरळीत करणे हा विषय होता. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी आपल्या वाशिम येथून देशी बनावटीच्या लिंगनिर्धारित वीर्य तंत्रज्ञानाचा शुभारंभ झाला. कालवडच जन्मावी यासाठी केलेली ती महागडी कांडी स्वस्त करण्याचा हा प्रयत्न आहे. म्हणजे कांडीवर खर्च होतो, वळूवर होतो, गाईच्या कानातील बारा अंकी बिल्ल्यावर होतो, संगणकीय नोंदणीवर होतो. पैसा नाही असे कसे म्हणावे? पैसा खरेदीला आहे, देखभालीला नाही. नव्या पात्राचे उद्घाटन होते, छायाचित्र निघते, मार्चअखेर उपयोगिता प्रमाणपत्र जाते. जुन्या पात्राचा निर्वात परत भरला म्हणून कोणी फीत कापल्याचे माझ्या ऐकिवात नाही. आणि ही पात्रे परदेशातून आणावी लागतात असेही नाही. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत इंडियन ऑइलचा कारखाना ती बनवतो.

चौथा प्रतिवाद आधुनिक आहे व म्हणून अधिक फसवा. संवेदक बसवा, मोबाइलवर सूचना येईल, माणसावर अवलंबून राहायला नको. ज्यांना असे वाटते त्यांनी मार्च २०१८ मधील एका शनिवार-रविवारची अमेरिकेतील हकीकत वाचावी. ओहायोतील क्लीव्हलँड येथे एका मोठ्या रुग्णालयाच्या वंध्यत्व उपचार केंद्रातील पात्राचे तापमान चढले आणि चार हजारांहून अधिक बीजांडे व भ्रूण निकामी झाले. दूरस्थ सूचना देणारी यंत्रणा त्या पात्राला होती. ती बंद केलेली होती. स्वयंचलित भरणा नीट चालत नव्हता हेही आधीपासून माहीत होते. त्याच शनिवार-रविवारी सॅन फ्रान्सिस्कोतील एका केंद्राचे पात्र निकामी झाले. तेथील प्रकरणात २०२१ मध्ये जूरीने पात्र बनवणाऱ्या कंपनीला मुख्यत्वे जबाबदार धरून सुमारे दीड कोटी डॉलर भरपाई दिली. श्रीमंत देश, श्रीमंत रुग्णालय, उत्तम यंत्र, आणि तरीही बंद असलेली घंटा. यंत्र माणसाला मदत करते, त्याची जागा घेत नाही. ज्या कार्यालयात साधी पट्टी कोणी वाचत नाही, तेथे संवेदकाची सूचना कोण वाचणार?

आणि केवळ कांड्या मरतात असे नव्हे. एक लिटर द्रवनत्राचा सुमारे ७०० लिटर वायू होतो. त्याला रंग नाही, वास नाही, गुदमरल्याची जाणीवही तो होऊ देत नाही. हवेतील प्राणवायू गुपचूप कमी होतो आणि माणूस कोसळतो. २८ जानेवारी २०२१ रोजी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात गेन्सव्हिल येथे कोंबडीचे मांस गोठवणाऱ्या कारखान्यात द्रवनत्र सांडून सहा कामगार मृत्युमुखी पडले. चौकशीत निघाले काय, तर द्रवाची पातळी मोजणारी नळी वाकलेली होती. त्यानंतर तीनच महिन्यांनी, २१ एप्रिल २०२१ रोजी, नाशिकच्या महापालिका रुग्णालयात द्रवरूप प्राणवायूच्या टाकीला गळती लागली, पुरवठा खंडित झाला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. वायू वेगळा, पण टाकी याच कुळातली.

मोठ्या दाबाच्या टाक्यांसाठी आपल्याकडे कायदा आहे. २०१६चे स्थिर व फिरत्या दाबपात्रांचे नियम आहेत, ते राबवणाऱ्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपुरात आहे, सुरक्षा झडपांची नियमित चाचणी बंधनकारक आहे. पण खेड्यातले छोटे पात्र हे दाबपात्र नाही, म्हणून ते या नियमांत बसत नाही. त्याचे बूच सैल असते व सैलच असावे लागते, म्हणजे वायू निसटत राहतो. मूळ बूच हरवले की कोणी चिंध्या किंवा थर्मोकोल ठोकून बसवतो आणि साध्या भांड्याचे दाबपात्र करतो. काचा बंद करून गाडीतून पात्र नेणारेही आहेत. यांपैकी काहीही कोणत्या तपासणी नमुन्यात विचारले जात नाही.

टीका करून थांबणे सोपे आहे, म्हणून काय करावे तेही लिहितो.

१. साठा नोंदवहीत प्रत्येक सोमवारी दोन रकाने भरावेत: पात्राचे वजन आणि द्रवाची पातळी. तपासणी अधिकाऱ्याने सही करण्यापूर्वी स्वतः पट्टी बुडवावी व आपला आकडा लिहावा. ज्या टिपणीत हा आकडा नाही ती टिपणी अपूर्ण समजावी.

२. सरकारी जीपला लॉगबुक असते. किती किलोमीटर, किती डिझेल, सरासरी किती, हे सर्व त्यात येते आणि सरासरी घसरली की विचारणा होते. प्रत्येक पात्राला क्रमांक देऊन तसेच लॉगबुक उघडावे. एका भरण्यात किती दिवस, एवढी एकच सरासरी पुरेशी आहे.

३. निर्लेखनाचे अधिकार जिल्हा स्तरावर द्यावेत. भरून दोन दिवस स्थिर ठेवलेल्या पात्राची घट ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की सात दिवसांत ते वापरातून बाहेर काढावे. मंजुरी मागाहून येऊ द्यावी.

४. पात्र कोरडे पडल्याचे २४ तासांत लेखी कळवणाऱ्यावर वसुली लावू नये. लपवणाऱ्यावर लावावी.

५. वीर्य केंद्रात कांडीची चाचणी होते. ती गोठ्याजवळच्या पात्रातील कांडीचीही व्हावी. दर तिमाहीत प्रत्येक केंद्रातून दोन-तीन कांड्या उचलून ३७ अंशांच्या पाण्यात वितळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहाव्यात. निकाल फलकावर लावावा, उद्दिष्टाच्या शेजारी.

६. खरेदीच्या प्रत्येक शंभर रुपयांमागे देखभालीची ठरावीक रक्कम त्याच आदेशात राखून ठेवावी. निविदेत निर्वाताची हमी आणि दुरुस्तीची मुदत लिहून घ्यावी.

यातली एकही सूचना अवघड नाही. एकीलाही मोठा पैसा लागत नाही. बहुधा म्हणूनच त्या कोणाला महत्त्वाच्या वाटत नाहीत.

वीर्य केंद्रांखेरीज कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोसारख्या संस्थांत देशी जातींचे वीर्य अशाच पात्रांत जपून ठेवलेले आहे. वळू केव्हाच मेलेला असतो. त्याचा वंश उणे १९६ अंशांवर थांबून राहिलेला असतो. एखादी जात कमी होत होत मूठभर उरली, तर ती परत वाढवण्याचा मार्ग या पात्रातून जातो. अशा ठेवीच्या यादीवर डेड स्टॉक हे शब्द लिहिणारी भाषा आपण बदलली नाही, तर एक दिवस ते शब्द खरे होतील.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या माझ्या वाचकांना हा विषय गाई-म्हशींचा व म्हणून दूरचा वाटण्याचा संभव आहे. पण बंगळूर, बडोदा, इंदूर असो की न्यू जर्सी, तुमच्यापैकी कोणी नवजात बाळाच्या नाळेचे रक्त एखाद्या बँकेत ठेवले असेल, कोणाचे भ्रूण एखाद्या केंद्रात गोठवलेले असतील. त्यांचे वार्षिक शुल्क तुम्ही नियमित भरता. पुढच्या वेळी शुल्क भरताना एकच प्रश्न विचारा: गेल्या रविवारी पात्राची पातळी कोणी पाहिली आणि कोठे लिहिली? उत्तर मागण्याचा तुम्हाला हक्क आहे आणि उत्तर न मिळाल्यास दुसरीकडे जाण्याची सोयही आहे. दोन गाईंच्या धन्याला ही सोय नाही. त्याच्या दारी जे पात्र येईल त्यातील कांडीवर त्याला विश्वास ठेवावाच लागतो. हा प्रश्न त्याच्या वतीने विचारणे हेच तपासणी अधिकाऱ्याचे काम आहे, आणि त्यासाठीच त्याला पगार मिळतो.